रंगीत पॉपकॉर्नची कणसं दातपडकी का निघाली आणि दाणे फुटले का नाहीत

प्रश्न असा आहे: न्यू जर्सीतल्या एका ताईंनी गेल्या वर्षी बॅकयार्डात ग्लास जेम नावाचा रंगीत पॉपकॉर्न मका लावला, कुंपणाच्या कडेने एका ओळीत साधारण २० झाडं. झाडं डोक्याच्या वर गेली, कणसं लागली पण निम्मी दातपडकी निघाली. ऑगस्टच्या शेवटी गणपती आले तेव्हा आराशीसाठी सगळी कणसं तोडली, रंग बघून आलेगेले सगळे खूश झाले, पण नंतर दाणे काढून कढईत टाकले तर एकही फुटला नाही, नुसते करपले. यंदा १० बाय १२ फुटांचा वाफा मोकळा केलाय, तर काय चुकलं आणि आता काय करू?

ताई, आधी थोडक्यात सांगून टाकतो म्हणजे जीव भांड्यात पडेल. बियाणं चांगलं होतं, जमीनही चांगली असणार, झाडं डोक्यावर गेली म्हणजे खतपाणी नीट झालं. चुकल्या त्या दोनच गोष्टी. एका ओळीत लावलंत म्हणून दाणे भरले नाहीत आणि हुरड्यात असताना तोडलंत म्हणून फुटले नाहीत. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

मी ओहायोत कोलंबसच्या बाहेर राहतो, २०१२ पासून घरामागच्या अंगणात पॉपकॉर्न लावतोय. मूळचा मंगळवेढ्याकडचा, घरची शेती ज्वारीची, त्यामुळे मका नवीन असला तरी कणसाचं पीक मला नवीन नव्हतं. आणि खरं सांगू का, पॉपकॉर्न मला समजला तो आजीच्या लाह्यांवरून. नागपंचमी जवळ आली की आजी लाह्यांसाठी वेगळी ठेवलेली बारीक टणक दाण्याची ज्वारी काढायची, त्यावर गरम पाण्याचा हबका मारायची, हाताने खालीवर करायची आणि फडक्यात गच्च बांधून रात्रभर ठेवून द्यायची. सकाळी थोडा वेळ सावलीत पसरायची, मग चुलीवर लोखंडी कढई सणसणीत तापवून त्यात मूठमूठ टाकायची आणि कापडाच्या बोळ्याने भराभरा फिरवायची. मी एकदा विचारलं की कोरडीच का नाही टाकत, तर ती काही बोलली नाही, एक मूठ कोरडी ज्वारी कढईत टाकून दाखवली. दोन-चार दाणे तडतडले, बाकीची सगळी करपली. दाण्याच्या आत पाणी नसेल तर लाही होत नाही हे त्या दिवशी जे डोक्यात बसलं ते आजतागायत कामाला येतंय.

पॉपकॉर्नचंही तेच आहे. याच्या दाण्याचं साल जाड आणि घट्ट असतं, आतला पिष्टाचा भाग काचेसारखा कडक, आणि त्यात थोडंसं पाणी कोंडलेलं. दाणा तापला की त्या पाण्याची वाफ व्हायला बघते पण साल तिला बाहेर पडू देत नाही, आतला पिष्ट लगद्यासारखा मऊ होतो, दाब वाढत वाढत बाहेरच्या हवेच्या ९ पटीच्या आसपास जातो आणि १८० अंश सेल्सियसला साल फाटतं, लगदा फसकन फुगून बाहेर येतो आणि त्याच क्षणी थंड होऊन गोठतो. हे नीट व्हायला दाण्यात वजनाच्या साधारण १३.५ ते १४ टक्के पाणी लागतं. कमी असेल तर दाब तयारच होत नाही, दाणा तळाशी पडून करपतो. जास्त असेल तर साल लवकर फाटतं आणि लाही चिवट, छोटी, कडेने टोकदार होते. नेहमीच्या मक्याचा दाणा घरी फुटत नाही त्याचं कारणही हेच, त्याचं साल एवढा दाब धरू शकत नाही आणि आतला भाग पिठाळ असतो.

आता तुमची कणसं. मेच्या शेवटी बी टोकलं असेल तर ऑगस्टच्या शेवटी जेमतेम ९० दिवस होतात आणि ग्लास जेमला ११० ते १२० दिवस लागतात. म्हणजे तुम्ही तोडलं तेव्हा कणीस नुकतंच चिकातून हुरड्यात आलं होतं. आपल्याकडे ज्वारीचा हुरडा किती गोड लागतो, पण हुरड्याच्या लाह्या कोणी केल्यात का? दाणा भरलेलाच नसतो, आतला पिष्ट कडक झालेला नसतो, सालही कोवळं असतं, आणि मग असं कणीस वाळवलं की दाणा आक्रसतो, वर सुरकुत्या पडतात. तुमच्याकडे त्यातली कणसं अजून असतील तर बघा, दाण्याच्या पाठीवर खळगा किंवा सुरकुती असेल. ते दाणे आता काहीही केलं तरी फुटणार नाहीत, पाण्यात भिजवून वगैरे बघू नका, शोभेला ठेवा नाहीतर दळून टाका.

फसगत होते ती रंगामुळे. आपल्याला सवय अशी की फळाला रंग चढला म्हणजे पिकलं, आंबा असो टोमॅटो असो. मक्याचं तसं नाही, याच्यात रंग आधी येतो आणि पिकणं नंतर, मध्ये तीन-चार आठवडे जातात. कणसाचं पान सोलून बघितलं की आत गुलाबी, जांभळे, निळे, पोपटी मणी चमकत असतात आणि हात आपोआप तोडायला जातो. मीही पहिल्या वर्षी आठ-दहा कणसं अशीच घालवली आणि नंतर नियमच केला की सप्टेंबर सरेपर्यंत पान सोलून बघायचंच नाही, कारण सोललं की पाणी आत जातं, बुरशी लागते आणि पाखरांना वाट मिळते.

रंगाबद्दल थोडं अजून सांगतो कारण हा विषय मला फार आवडतो. दाण्यावर रंग दोन थरांत असतो. सगळ्यात बाहेरचं साल हे आईच्या झाडाचं, त्यामुळे त्यातला रंग अख्ख्या कणसाला एकच येतो. त्याच्या आत एक पातळ थर असतो, तो मात्र दाण्यागणिक वेगळा, कारण त्यात त्या दाण्यावर पडलेल्या परागाचाही वाटा असतो. म्हणून ग्लास जेमच्या एकाच कणसावर निळ्याशेजारी गुलाबी आणि त्याच्याशेजारी पिवळा दाणा दिसतो, प्रत्येक दाणा म्हणजे एकाच आईचं पण वेगवेगळ्या बापाचं पोर म्हणा ना. कधीकधी एखाद्या दाण्यावर शिंतोडे उडाल्यासारखे ठिपके दिसतात. बार्बरा मॅक्लिंटॉक या शास्त्रज्ञ बाईंनी १९४० च्या दशकात मक्याच्या दाण्यांवरचे असेच ठिपके बघून बघून हे शोधून काढलं की जनुकांचे काही तुकडे जागा बदलतात, आणि १९८३ साली त्यांना नोबेल मिळालं. तुमच्या अंगणात ठिपक्यांचं कणीस निघालं तर पोरांना ही गोष्ट जरूर सांगा. आणि आताच सांगून ठेवतो म्हणजे हिरमोड नको, कणीस काळं असो की लाल, लाही पांढरी किंवा फिक्कट पिवळीच होते. आतला लगदा पांढरा किंवा पिवळा असतो, रंग फक्त सालाचा, तो लाहीच्या मध्यावर ठिपक्याएवढा उरतो.

आता दातपडकी कणसं. मक्याला मधमाशी लागत नाही, सगळा कारभार वाऱ्यावर. शेंड्याला तुरा येतो त्यात पराग, आणि मधल्या पेरावर कणीस निसवतं त्यातून केस बाहेर पडतात. यातला एकेक केस म्हणजे एकेका दाण्याची नळी आहे. त्या केसावर परागाचा कण पडला, तो नळीतून खाली दाण्यापर्यंत पोचला की तो दाणा भरतो, नाही पडला तर तिथे खळगा. म्हणजे ४०० दाण्यांच्या कणसाला ४०० केसांवर वेगवेगळा पराग पडायला हवा. तुम्ही कुंपणाला धरून एक ओळ लावलीत, वारा आला की पराग सगळा शेजारच्या लॉनवर. एका ओळीत लावलेला मका कितीही पोसा, नीट भरत नाही. कणसाकडे बघून कारण ओळखताही येतं: खळगे सगळीकडे विखुरलेले असतील तर पराग कमी पडला, फक्त शेंडा रिकामा असेल तर शेवटी पाणी किंवा खत कमी पडलं (बुडाचे केस आधी येतात, शेंड्याचे सगळ्यात शेवटी, त्यामुळे ताण पडला की शेंडा उपाशी राहतो), आणि केस कापल्यासारखे आखूड दिसत असतील तर किड्यांनी खाल्लेत, त्याचं पुढे सांगतो.

म्हणून मका लावायचा तो चौकोनात. कमीत कमी चार ओळी. तुमच्या १० बाय १२ च्या वाफ्यात अडीच अडीच फुटांवर १२ फुटी चार ओळी बसतात आणि ओळीत ९ इंचांवर एक झाड धरलं तर ६०-६५ झाडं होतात. एवढी झाडं असली की वारा कुठूनही येवो, पराग आतल्या आत फिरतो. तरीही मी हातानेही करतो, कारण घरचा वाफा तो केवढा. तुरे फुलले की सकाळी दव वाळल्यावर, ९ ते ११ च्या दरम्यान, तुरा अलगद वाकवून कागदी पिशवीत झटकायचा, पिवळी धूळ जमते, ती लगेच केसांवर भुरभुरायची. लगेच म्हणजे लगेच, उन्हात पराग फार वेळ जिवंत राहत नाही. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम येतो आणि परागाच्या गुठळ्या होतात. आठवडाभर रोज दहा मिनिटं, बस. आणि एका झाडाचा पराग त्याच झाडाच्या कणसाला नको, सगळ्यांचा मिसळून टाका.

यातच एक धोका आहे. शेजारी कोणी स्वीट कॉर्न लावलाय का बघा, किंवा तुम्ही स्वतः लावणार आहात का. पॉपकॉर्नचा पराग स्वीट कॉर्नवर पडला की स्वीट कॉर्नचे दाणे कडक आणि पिठुळ होतात, त्याच वर्षी, कारण मक्याच्या दाण्यात बापाचा गुण लगेच दिसतो. शेजारणीशी भांडण नको असेल तर दोघांच्या फुलोऱ्यात किमान दोन-तीन आठवड्यांचं अंतर राहील असं बी टोका. शेतातल्या जनावरांच्या चाऱ्याच्या मक्याचा पराग आपल्यावर पडला तर लाही कमी फुटते. बऱ्याच पॉपकॉर्न वाणांत एक जनुक असतो जो अशा मक्याचा पराग केसातून खाली जाऊच देत नाही, पण सगळ्या गावरान वाणांत तो असेलच असं नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. माझ्याकडे घरापासून अर्ध्या मैलावर शेतं आहेत, मी बियाण्यासाठी ठेवायच्या कणसांना पिशवी बांधूनच परागण करतो.

वाण कोणता घ्यावा. ग्लास जेमवर माझा राग नाही, उलट त्याची कहाणी मोठी आहे. ओक्लाहोमातले कार्ल बार्न्स हे चेरोकी वारशाचे शेतकरी, जुन्या मक्यांतून पूर्वजांच्या वाणांचे रंगीत दाणे निवडून ते वेगळे वाढवत राहिले. १९९४ मध्ये ग्रेग शोन नावाचे बियाणं जपणारे एक गृहस्थ त्यांना भेटले, त्यांनी ते बी पुढे न्यू मेक्सिकोत नेऊन वाढवलं, आणि २०१२ मध्ये त्याच्या एका कणसाचा फोटो इंटरनेटवर एवढा फिरला की बी मिळेना. म्हणजे काटेकोरपणे बघितलं तर ग्लास जेम हा जसाच्या तसा चालत आलेला गावरान वाण म्हणता येणार नाही, गावरान वाणांतून निवडून घडवलेला आहे. दिसायला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण खाण्यासाठी लावायचा तर माझं मत वेगळं आहे: लाही लहान होते आणि झाड आठ-नऊ फूट जातं, पावसाळी वाऱ्यात लोळतं, शिवाय दिवस जास्त लागतात.

तुमच्या वाफ्यात मी स्ट्रॉबेरी पॉपकॉर्न लावा म्हणेन. झाड चार-पाच फूट, कणीस जेमतेम दोन-तीन इंचांचं, बुडाशी गोल आणि शेंड्याला निमुळतं, गर्द लाल, पानाच्या पिवळ्या झालरीसकट हुबेहूब मोठ्या स्ट्रॉबेरीसारखं. एका झाडाला दोन तरी कणसं येतात, १०० दिवसांच्या आसपास तयार होतं आणि लाही छोटी पण खमंग. दुसरा डकोटा ब्लॅक, काळाभोर चकचकीत दाणा, थंड प्रदेशात तयार झालेला असल्यामुळे लवकर येतो, आणि चवीला माझ्या घरी हाच पहिला नंबर. पण एका वर्षी एकच वाण. दोन लावले की मिसळणारच. आणि बी घेताना पाकिटावर पॉपकॉर्न असं लिहिलेलं आहे का बघा, शोभेचा रंगीत मका म्हणून जो विकतात त्यातला बराचसा फुटत नाही.

लागवडीचं फार पाल्हाळ लावत नाही. जमीन गार असताना बी टोकू नका, कुजतं. मातीचं तापमान ६० फॅरनहाइटच्या वर गेलं पाहिजे, तुमच्याकडे मेचा मध्य म्हणा. इंच-सव्वा इंच खोल, एका जागी दोन दाणे, उगवलं की जोमदार एक ठेवायचं. पॉपकॉर्न स्वीट कॉर्नपेक्षा सावकाश उगवतो, दहा-बारा दिवस वाट बघा. उगवल्याबरोबर कावळे आणि खारी कोंब उपटून खालचा दाणा खातात, म्हणून वीतभर होईपर्यंत वर जाळी टाका. मका अधाशी पीक आहे, आधी दोन इंच कंपोस्ट मिसळा, मग गुडघ्याला लागला की नत्र द्या आणि तुरा पोटरीत, म्हणजे पानांच्या आत बाहेर यायच्या बेतात असताना परत एकदा. इथे म्हणच आहे, ४ जुलैपर्यंत मका गुडघाभर हवा, तेवढ्यात पहिला हप्ता. युरिया देणार असाल तर तुमच्या वाफ्याला दोन्ही हप्ते मिळून १०० ग्रॅमच्या आसपास पुरे, बुंध्यापासून चार-पाच इंच लांब टाकून माती ओढा आणि पाणी द्या. बुंध्याशी मातीची भर देणं अजिबात चुकवू नका. खालच्या पेरांतून मुळ्या फुटतात त्या भरीत शिरतात आणि झाड उभं राहतं. खुरपणी मात्र वरवरचीच, मुळं उथळ असतात.

तरीही वादळात लोळलं तर घाबरू नका. २९ जून २०१२ ला ओहायोत डेरेचो नावाचं भयंकर वादळ आलं, आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती, माझं पहिलंच पीक, मांडीएवढा मका पार भुईसपाट झाला. मी सकाळी एकेक झाड हाताने उभं करायला लागलो आणि तीन-चार झाडांची मुळं कटकन तुटल्याचा आवाज ऐकल्यावर थांबलो. बाकीची तशीच पडू दिली. पाच दिवसांत ती आपोआप खालून बाक घेऊन वर वळली. जी मी उभी केली होती तीच मेली. तुरा यायच्या आधी लोळलेला मका स्वतः उठतो, फक्त परत भर द्या.

कीड म्हणाल तर तुमच्या आमच्याकडे सगळ्यात वाईट जॅपनीज बीटल, हिरवा-तांबूस चकाकणारा भुंगा. तो केस कुरतडतो, आणि केस गेले म्हणजे दाणे गेले. सकाळी गारठ्यात तो सुस्त असतो तेव्हा साबणाच्या पाण्याच्या डब्यात झटकून टाकायचा, दुसरं काही लागत नाही. शेंड्याला अळी लागते कधीकधी, पॉपकॉर्नची पानं घट्ट असल्यामुळे फार आत जात नाही, तेवढा शेंडा मोडून टाकायचा. कणसावर करड्या-पांढऱ्या फुगलेल्या गाठी आल्या तर ती काणी, फुटून काळी भुकटी उडायच्या आत काढून टाका. मेक्सिकोत ती कोवळी असताना आवडीने खातात. खरी राखण करावी लागते ती रकून आणि खारींपासून. लहानपणी आम्ही ज्वारीत माळ्यावर उभं राहून गोफणीने पाखरं उडवायचो, इथे तसं करता येत नाही, पण केस तपकिरी होऊन वाळले की प्रत्येक कणसाला जाळीची पिशवी बांधली तर बरंच वाचतं. रकूनचा त्रास फारच असेल तर विजेच्या हलक्या झटक्याची दोन तारांची कुंपणं मिळतात, एक तार पाच इंचांवर आणि दुसरी बाराच्या आसपास. माझ्याकडे त्यानंतर एकही कणीस गेलं नाही.

पाणी तुरा आणि केस येतात त्या तीन आठवड्यांत अजिबात तुटू देऊ नका, आठवड्याला इंचभर तरी. पण कणसाची पानं पिवळी पडायला लागली की पाणी बंद.

आता काढणी, इथेच सगळं आहे. झाड वाळू द्या. कणसाची पानं कागदासारखी खडखडीत आणि फिक्कट तपकिरी होतील, कणीस खाली मान टाकेल. मग एक कणीस सोलून मधल्या भागात नख दाबा, नख अजिबात उमटता कामा नये. एक दाणा काढून त्याचं टोक, जिथे तो दांड्याला चिकटलेला असतो तिथलं, नखाने खरवडा, खाली काळा थर दिसला म्हणजे झाडाने दाण्याला पुरवठा बंद केला, दाणा पक्व झाला. त्या वेळीही त्यात ३० टक्क्यांच्या वर पाणी असतं, म्हणून शक्य तितकं झाडावरच वाळू द्या. पावसाची झड लागणार असेल किंवा कडाक्याची थंडी पडून दव गोठणार असेल तर काढून घ्या. काढलं की पानं मागे सोलायची आणि लसणाच्या माळेसारखी वेणी घालून गॅरेजमध्ये हवेशीर जागी टांगायची. मी कांद्याच्या जाळीच्या पिशव्याही वापरतो, मध्ये पंखा लावून ठेवतो. ओव्हनमध्ये किंवा कडक उन्हात वाळवायचा मोह नको, सालाला चिरा पडतात आणि चिरलेलं साल दाब धरत नाही.

तीन आठवड्यांनी पहिली परीक्षा. एका कणसाचे मधले वीस-पंचवीस दाणे काढून जाड बुडाच्या पातेल्यात तेलाचा थेंब घालून झाकण ठेवून फोडा. लाही चिवट झाली, दाताला रबरासारखी लागली तर अजून ओलं आहे, दर आठवड्याला परत बघा. ज्या दिवशी कुरकुरीत, मोठी, तडातड फुटणारी लाही झाली त्याच दिवशी सगळी कणसं सोलून दाणे काचेच्या बरणीत घट्ट झाकणाखाली भरा, कारण तसेच टांगून ठेवले तर हीटरच्या कोरड्या हवेत जानेवारीपर्यंत पार सुकतात. सोलताना दोन कणसं एकमेकांवर पिळून घासायची, हाताला मोजे घाला, स्ट्रॉबेरीचे दाणे टोकदार असतात. मग सुपात पाखडून फोलपट उडवायचं.

आणि सुकलेच समजा, तरी वाया नाहीत. इथे आजीचा हबका आला. पाऊण भरलेल्या एक क्वार्टच्या (साधारण लिटरभराच्या) बरणीत एक टेबलस्पून पाणी घाला, झाकण लावून दर पाच-दहा मिनिटांनी हलवत राहा, पाणी सगळं दाण्यांनी पिऊन टाकेपर्यंत. मग तीन-चार दिवस तसंच ठेवा आणि परत फोडून बघा. पूर्ण भरलेला, पक्व दाणा यातून नक्की उठतो. दोन वर्षांपूर्वीची एक विसरलेली बरणी मी अशीच जिवंत केली आहे. फोडताना आच मध्यम-मोठी, झाकण जरासं कलतं ठेवा म्हणजे वाफ बाहेर जाते, आणि गावरान दाणा बारीक असल्यामुळे लवकर करपतो, तडतड मंदावली की लगेच उतरवा. वर तूप आणि मेतकूट घालून बघा.

साठेक झाडांतून मला साधारण दोन-अडीच किलो दाणे मिळतात, वाण आणि वर्ष बघून.

गणपतीचं विचाराल तर यंदा अधिक महिना आहे, गणपती सप्टेंबरच्या मध्यावर येतात, तरी कणसं झाडावर पुरती वाळलेली नसणार. यंदाची आरास गेल्या वर्षीच्या त्या सुकलेल्या ग्लास जेमच्या कणसांचीच करा, रंग वर्षानुवर्षं टिकतो. नवीन कणसं दसऱ्याच्या तोरणात लावता येतील, ऑक्टोबरमध्ये ती बरोबर हाताशी येतात.

बियाण्याचं शेवटी. मका स्वतःच्याच नात्यात फार लवकर खुरटतो. चार-पाच झाडांचं बी धरून तेच ते लावत गेलात तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी झाडं बुटकी आणि कणसं बोटभर होतात. बी धरायचं तर १०० झाडं तरी हवीत असं जाणकार सांगतात, २०० असतील तर उत्तम. घरच्या वाफ्यात ते होत नाही, म्हणून जमतील तेवढ्या जास्त चांगल्या कणसांच्या मधल्या भागातले थोडे थोडे दाणे घ्या, थोडं जुनं बी दर वर्षी राखून नव्यात मिसळा आणि दुसऱ्या कोणाशी तरी अदलाबदल करा. भारतात जाताना बॅगेत टाकून मात्र नेऊ नका, परवानगी आणि प्लांट क्वारंटाइनच्या कागदांशिवाय बियाणं न्यायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. इथल्या इथे चालतं. माझ्याकडे गेल्या वर्षीच्या ४० कणसांतून काढलेलं स्ट्रॉबेरीचं बी आहे, पिशवी बांधून परागण केलेलं. तुमचं पाकीट आणलंत की सांगा, मेच्या आत मूठभर पाठवतो, तुमच्या बियात मिसळून टोका.